रात्र किती तासांची? १८ वर्षांखालच्या कामगारांची रातपाळी आणि कायद्याची जुळवणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. देशाने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा, म्हणजे आयएलओचा, १९४८ चा करार क्रमांक ९० मान्य केलेला आहे. कामगार कायद्यात कलमही आहे: ‘१८ वर्षांखालील व्यक्तीस रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत औद्योगिक आस्थापनेत कामावर ठेवता येणार नाही.’ तरीही आयएलओच्या तज्ज्ञ समितीने कायदा कराराशी सुसंगत करा, असं कळवलं आहे. बंदी इतकी स्पष्ट असताना खोट कुठे राहिली आणि दुरुस्तीच्या मसुद्यात आणखी कशाकशाला हात घालावा लागेल, हे तुम्हाला हवं आहे.

खोट बंदीत नाही, ‘रात्र’ या शब्दात आहे. तुमच्या कायद्यातली रात्र घड्याळावरची आहे: दहाला सुरू, सहाला संपली. करारातली रात्र लांबीची आहे. करार ९० च्या कलम २ प्रमाणे रात्र म्हणजे किमान १२ तासांचा सलग काळ. या मोठ्या डब्यात एक छोटी डबी ठेवलेली आहे. १६ वर्षांखालच्यांसाठी त्या १२ तासांत रात्री १० ते सकाळी ६ हा काळ पूर्ण बसलाच पाहिजे. १६ ते १८ वयाच्यांसाठी रात्री १० ते सकाळी ७ यांच्या दरम्यानचा किमान ७ तासांचा सलग काळ बसला पाहिजे आणि तो कोणता, हे सरकारने ठरवायचं. तुमच्या कलमाने छोटी डबी उचलली, मोठा डबा तिथेच राहिला. मी तपासलेल्या मसुद्यांपैकी बहुतेकांत हीच चूक होती.

याने फरक काय पडतो, हे मला कागदावर कळलं नाही. मी नुकताच निरीक्षक झालो होतो. एका कारखान्यात सकाळी सव्वासहाला गेलो, तर १७ वर्षांचा एक मुलगा यंत्रापाशी उभा होता, डोळे तांबारलेले. हजेरीपट काढला. आदल्या दिवशी दुसरी पाळी, दुपारी २ ते रात्री १०. आज पहिली पाळी, सकाळी ६ पासून. सह्या जागच्या जागी, वेळा नीट लिहिलेल्या. घरी जाऊन परत यायला अडीच तास लागतात म्हणून तो पोत्यांवर झोपला होता. खटला भरण्यासाठी कायदा उघडला, तर मोडलेलं काहीच सापडेना. दहाला काम थांबलं होतं, सहाला सुरू झालं होतं. मधल्या ८ तासांना कायद्यात नाव नव्हतं. कराराच्या मोजपट्टीवर मात्र हा उघड भंग होता, कारण १२ तास सलग मिळाले नव्हते.

म्हणून मसुदा तपासताना मी कराराचा मजकूर एका हाताला आणि कायद्याचा दुसऱ्या हाताला ठेवून शब्दाला शब्द लावत बसत नाही. पाळ्यांचं वेळापत्रक घेतो आणि त्यातला सगळ्यात वाईट आठवडा मसुद्यातून जातो का ते पाहतो. तो जात असेल तर मसुदा फसला, शब्द कितीही कराराच्या जवळचे असोत.

इथे कारखानदारांच्या संघटना एक हरकत हमखास घेतात: १२ तासांची सक्ती केली तर दोन पाळ्या चालवता येणार नाहीत. हिशेब करून दाखवा. कायम पहिल्या पाळीत, ६ ते २, असलेल्या मुलाला दोन कामांच्या मध्ये १६ तास मिळतात आणि १० ते ६ त्यात पूर्ण येतात. कायम दुसऱ्या पाळीत, २ ते १०, असलेल्यालाही १६ तास मिळतात. अडचण येते ती फक्त पाळी बदलताना, तीही दुसरीवरून पहिलीवर येताना. आठवड्याची सुट्टी मध्ये घालून पाळी बदलली की तीही सुटते. म्हणजे उद्योगाला लागणारी तडजोड वेळापत्रकातल्या एका खणाची आहे. सल्लामसलतीच्या बैठकीत हा तक्ता फळ्यावर काढला की अर्धा विरोध तिथेच मावळतो, असा माझा अनुभव आहे.

१२ हा आकडा आला कुठून, असं विचारणारे भेटतात. त्याला मोठी वाट आहे. ब्रिटनमध्ये १८०२ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या शिकाऊ मुलांना रात्री ९ ते सकाळी ६ काम करायला मनाई केली. १८३३ च्या कायद्याने वाफेवर किंवा पाण्यावर चालणाऱ्या कापड गिरण्यांत १८ वर्षांखालच्यांसाठी रात्री साडेआठ ते पहाटे साडेपाच ही वेळ बंद केली, त्यांना दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली आणि पहिले चार निरीक्षक नेमले. पण साडेपाच ते साडेआठ ही १५ तासांची मोकळी पट्टी उरली होती. गिरणीमालकांनी त्या पट्टीत मुलांना तुकड्यातुकड्यांनी, आळीपाळीने कामाला लावलं. एखाद्या पोराचे १२ तास झाले की १४, हे निरीक्षकाला सिद्ध करता येईना. शेवटी १८५० मध्ये कामाची चौकटच सकाळी ६ ते संध्याकाळी ६ अशी बांधून टाकावी लागली, हिवाळ्यात ७ ते ७. नुसते तास मोजले तर घड्याळातून पळवाट निघते आणि नुसतं घड्याळ बांधलं तर तासांतून निघते, हे तेव्हाच कळून चुकलं होतं.

आंतरराष्ट्रीय पातळीवर १९१३ मध्ये बर्न इथे तज्ज्ञांच्या परिषदेने तरुणांच्या रातपाळीवर मसुदा केला. पुढच्या वर्षी त्यावर शिक्कामोर्तब व्हायचं होतं, तेवढ्यात महायुद्ध पेटलं. विषय पुन्हा उभा राहिला तो १९१९ मध्ये वॉशिंग्टनला, आयएलओच्या पहिल्याच परिषदेत. त्यातून करार क्रमांक ६ आला. त्यात रात्र ११ सलग तासांची होती आणि आत १० ते ५ ही वेळ. १९४८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेने तो सुधारला, ११ चे १२ झाले, आणि तोच तुमचा करार ९०. आकड्यामागचं कारण साधं आहे. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते आणि या वयात शरीराचं झोपेचं घड्याळ उशिराकडे सरकलेलं असतं, त्यामुळे पोराला नऊला झोप म्हटलं तरी झोप येत नाही. झोपेच्या या तासांत जाणं-येणं, जेवण, अंघोळ मिळवा. १२ ही चैन ठरत नाही.

आता मसुदा. मी व्याख्या अशी लिहीन:

‘रात्र’ म्हणजे किमान १२ तासांचा सलग काळ, ज्यात रात्री १० ते सकाळी ६ हा संपूर्ण काळ समाविष्ट असेल. १८ वर्षे पूर्ण न केलेल्या कोणत्याही व्यक्तीस रात्री कामावर ठेवता येणार नाही, काम करू देता येणार नाही किंवा कामासाठी हजर राहण्यास सांगता येणार नाही; आणि अशा व्यक्तीच्या कामाची समाप्ती व त्यानंतरच्या कामाची सुरुवात यांच्या दरम्यान रात्रीचा संपूर्ण काळ असला पाहिजे.

दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पहिली, करार १६ च्या वरच्यांना सवलत देतो, तरी मी सगळ्यांना एकच रात्र दिली. कराराहून चांगलं संरक्षण द्यायला आडकाठी नाही. आयएलओच्या घटनेच्या कलम १९ च्या आठव्या परिच्छेदात तर उलट म्हटलंय, की करार मान्य केल्यामुळे कामगारांना आधीपासून असलेलं अधिक अनुकूल संरक्षण कमी होत नाही. आणि फाटकावर उभं राहून १५ आणि १६ मधला फरक ओळखणं किती अवघड असतं, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. तुमच्या सरकारला १६ ते १८ साठी वेगळी वेळ हवीच असेल तर १० ते ५, ११ ते ६ किंवा १२ ते ७ यांपैकी कोणतीही चालेल. फक्त ती ११ नंतर सुरू होणार असेल तर मालक आणि कामगार या दोघांच्या संघटनांशी आधी चर्चा करावी लागते. काही कायद्यांत ‘मध्यरात्र ते पहाटे ५’ असं दिसतं. ते ५ तास झाले, लागतात ७.

दुसरी गोष्ट ‘काम करू देता येणार नाही’ ही. कराराचे शब्दही दुहेरी आहेत: कामावर ठेवणं आणि काम करणं, दोन्ही बंद. नुसतं ‘कामावर ठेवणे’ लिहिलं की मालक सांगतो, हा आमच्या नोकरीत नाही, ठेकेदाराचा आहे, किंवा शिकायला येतो, किंवा मामाला डबा द्यायला आला होता. डबा द्यायला आलेले भाचे मी बरेच पाहिलेत, हातात पाना घेऊन.

युरोपातल्या कायद्यावरून मसुदा उचलणार असाल तर जरा जपून. तिथल्या १९९४ च्या तरुण कामगारांविषयीच्या निर्देशात हाच आशय दोन जागी विभागला आहे. कलम ९ मध्ये १५ ते १८ वयाच्या आणि सक्तीचं शिक्षण संपलेल्या तरुणांसाठी रात्री १० ते ६ किंवा ११ ते ७ ही बंद वेळ आहे, आणि कलम १० मध्ये २४ तासांत सलग १२ तासांची विश्रांती. ज्या मुलांना कायद्याने सक्तीच्या शिक्षणाच्या वयात काम करू दिलंय, त्यांच्यासाठी ८ ते ६ आणि १४ तास. दोन्ही कलमं सोबत घेतली तर बिघडत नाही. पण नक्कल करणारे कलम ९ घेतात आणि विश्रांतीसाठी आपल्या कायद्यातलं प्रौढांचं जुनं कलम पुरेसं आहे असं धरून चालतात. प्रौढांची रोजची विश्रांती पुष्कळ देशांत ११ तासांची असते. तुमच्या कायद्यात ती किती आहे, आजच उघडून पाहा.

अशीच आणखी एक उसनवारी घातक ठरते: प्रौढांसाठीची ‘रात्रकामगार’ ही व्याख्या. युरोपच्या कामाच्या वेळांविषयीच्या निर्देशात ज्याच्या रोजच्या कामाचे किमान ३ तास नेहमीच्या स्वरूपात रात्रीत येतात तो रात्रकामगार. प्रौढांसाठी ते योग्यच आहे, कारण तिथे रातपाळीला बंदी नसून आरोग्य तपासणीसारखे हक्क द्यायचे असतात. पण मसुदाकाराने ‘१८ वर्षांखालील व्यक्ती रात्रकामगार असू शकणार नाही’ असं लिहिलं, की रोज साडेबारापर्यंत थांबणारा १७ वर्षांचा मुलगा बंदीतून बाहेर पडतो, त्याचे अडीचच तास होतात म्हणून. तरुणांच्या बाबतीत एक मिनिट काम झालं तरी ते रात्रीचं काम.

अपवादांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण कलम चांगलं आणि परंतुक त्याला खाऊन टाकणारं, हा प्रकार नेहमीचा. जुन्या कायद्यांत एक यादी आढळते: लोखंड-पोलाद, काच, कागद, कच्ची साखर, सोन्याचं धातुक वेगळं करण्याचं काम. ही यादी १९१९ च्या करार ६ मधली आहे. ज्या प्रक्रिया दिवसरात्र अखंड चालवाव्या लागतात, तिथे १६ च्या वरच्यांना तो करार रात्री काम करू देत होता. १९४८ मध्ये ही वाट बंद झाली. करार ९० मध्ये अखंड चालणाऱ्या उद्योगात १६ ते १८ वयाच्यांना रात्री घेता येतं ते फक्त शिकाऊ उमेदवारी किंवा व्यवसाय प्रशिक्षणासाठी, तेही ठरवून दिलेल्या उद्योगांत, दोन्ही बाजूंच्या संघटनांशी चर्चा करून, आणि दोन कामांच्या मध्ये किमान १३ तासांची सलग विश्रांती देऊन. तुमच्या कायद्यात ती यादी शिल्लक असेल तर तिच्यावर काट मारा. ती कोणी मुद्दाम ठेवलेली नसते, एका कायद्यातून दुसऱ्यात नकलून येत राहते.

‘शिकाऊ’ या शब्दावरही पहारा हवा. रात्री शिकवण्यासारखं असं काही, जे दिवसा शिकवता येत नाही, ते प्रशिक्षणाच्या आराखड्यात लिहिलेलं असावं, रात्री शिकवणारा माणूस हजर असावा आणि किती रात्री याची कमाल मर्यादा असावी, या तीन अटी मी परंतुकातच घालतो. करारात त्या या शब्दांत नाहीत. पण त्या नसल्या की वर्षभर भट्टीवर कोळसा ओढणाराही प्रशिक्षणार्थी ठरतो.

आणीबाणीचा अपवाद करारात आहे, तोही फक्त १६ ते १८ साठी: आधी अंदाज न येणारी, आटोक्यात न ठेवता येणारी, ठरावीक काळाने पुन्हा न येणारी आणि नेहमीचं काम अडवणारी घटना. ‘ठरावीक काळाने पुन्हा न येणारी’ हे शब्द मसुद्यातून गळतात आणि मग दरवर्षीचा हंगाम, मोठी ऑर्डर, सणापूर्वीची गर्दी हे सगळं आणीबाणी होऊन बसतं. सार्वजनिक हितासाठी गंभीर संकटात सरकार बंदी तात्पुरती स्थगित करू शकतं, तो अधिकार वेगळा आहे आणि त्याची मुदत आदेशात लिहिलेली असावी. पण ‘सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने’ असं मोघम परंतुक कुठेही ठेवू नका. समितीचं पहिलं बोट तिथेच जातं, आणि बरोबर जातं.

शेजारच्या देशाचं कलम उचलताना त्याची खास सवलतही सोबत येते, हेही सांगून ठेवतो. करार ६ मध्ये जपान आणि भारतासाठी स्वतंत्र कलमं होती. करार ९० मध्ये भारत आणि पाकिस्तानसाठी आहेत, त्यांत १८ ऐवजी १७ ची रेष आहे. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या कलम ७० मध्येही मुलग्यांसाठी १७ चीच रेष होती. त्या देशापुरतं ते करारात बसतं. ते कलम तुम्ही जसंच्या तसं घेतलंत तर १७ ते १८ चं वर्ष तुमच्याकडे उघडं पडेल. जपानच्या श्रममानक कायद्याचंही तसंच: कलम ६१ मध्ये १८ खालच्यांना रात्री १० ते ५ बंदी आहे, पण पाळ्यांनी काम करणाऱ्या १६ वर्षांवरच्या मुलग्यांना त्यातून वगळलंय.

मुलगे आणि मुली हा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. जुन्या कायद्यांत ‘स्त्रिया आणि तरुण व्यक्ती’ एकाच कलमात बांधलेले असतात. स्त्रियांवरची सरसकट बंदी समानतेच्या तत्त्वावर उठवली जाते, ते रास्तही आहे, पण उठवताना अख्खं कलम रद्द होतं आणि १७ वर्षांचा मुलगा रात्रीसाठी मोकळा होतो. हे महिनोन् महिने कोणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्याकडे अशी दुरुस्ती गेल्या काही वर्षांत झाली असेल तर आधी तिचा मजकूर पाहा.

आता व्याप्ती. करार ९० उद्योगापुरता आहे, पण उद्योग म्हणजे फक्त कारखाना नव्हे. खाणी, वस्तुनिर्मिती, बांधकाम, रस्ता आणि रेल्वेवरची वाहतूक आणि बंदरं, गोदामं, विमानतळ इथली मालाची चढउतार, हे सगळं त्यात येतं. गोदाम हा शब्द १९४८ पासून तिथे आहे. आज रात्रभर पार्सलं लावणारी जी गोदामं चालतात, त्यांना ‘व्यापारी आस्थापना’ म्हणून बाजूला काढण्याचा युक्तिवाद मी ऐकला आहे; कराराचा मजकूर त्याला साथ देत नाही. सूट मिळते ती कुटुंबाच्या व्यवसायाला, पण तिथे फक्त आई-वडील आणि त्यांची मुलं किंवा पाल्य काम करत असले पाहिजेत आणि काम अपायकारक नसलं पाहिजे. बाहेरचा एक माणूस आला की सूट गेली.

दुकानं, हॉटेलं, कार्यालयं, घरपोच सेवा यांच्यासाठी १९४६ चा करार ७९ आहे. तो तुम्ही मान्य केलेला नाही, तरी त्याचा नमुना वापरा. १४ वर्षांखालच्यांना किंवा सक्तीच्या शिक्षणातल्या मुलांना १४ सलग तास, ज्यात रात्री ८ ते सकाळी ८. बाकीच्यांना १८ पर्यंत १२ तास, ज्यात १० ते ६. रंगमंच आणि चित्रीकरणासाठी त्यात वैयक्तिक परवाना आहे: काम मध्यरात्रीपलीकडे नाही आणि नंतर १४ तासांची विश्रांती. बिगर-उद्योगाला हात लावणं बंधनकारक नाही असं कोणी म्हटलं तर १९९९ चा करार १८२ दाखवा. बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांवरचा हा करार २०२० मध्ये टोंगाच्या मान्यतेनंतर आयएलओच्या सर्व सदस्य देशांनी मान्य केलेला झाला. त्याच्यासोबतच्या शिफारस १९० मध्ये धोकादायक काम ठरवताना विचारात घ्यायच्या गोष्टींत लांबलचक तास आणि रात्रीचं काम यांचा नावाने उल्लेख आहे. म्हणून अनेक देश रातपाळी धोकादायक कामांच्या यादीत टाकतात आणि एका फटक्यात सगळी क्षेत्रं झाकतात. मला हा मार्ग आवडतो. एकच काळजी घ्या: यादीत ‘रात्रीचे काम’ एवढंच लिहून थांबू नका, कायद्यातल्या व्याख्येचा क्रमांक द्या. नाहीतर कायद्यात एक रात्र आणि अधिसूचनेत दुसरी, असा घोळ होतो आणि आरोपीचा वकील त्यातली लहान निवडतो.

घरकामगार मुलामुलींसाठी शिफारस २०१ रातकाम बंद करायला सांगते. करार ७९ मध्ये घरकाम वगळता येत होतं, ती पळवाट आता धरू नका. जहाजं आणि मासेमारीचा हिशेब वेगळा आहे. २००६ चा सागरी श्रम करार आणि २००७ चा मासेमारी करार यांत रात्र किमान ९ तासांची आहे, उशिरात उशिरा मध्यरात्री सुरू होणारी आणि पहाटे ५ च्या आधी न संपणारी. ती त्या-त्या प्रकरणातच ठेवा, सर्वसाधारण व्याख्येत मिसळू नका.

सवलती किती बारकाईने लिहिता येतात याचा नमुना हवा असेल तर जर्मनीचा तरुण कामगार संरक्षण कायदा पाहा. मूळ नियम सकाळी ६ ते रात्री ८. मग १६ वर्षांवरच्यांना उपाहारगृहांत १० पर्यंत, अनेक पाळ्यांच्या उद्योगांत ११ पर्यंत, शेतीत पहाटे ५ पासून किंवा रात्री ९ पर्यंत, बेकरीत ५ पासून, १७ वर्षांवरच्यांना बेकरीत ४ पासून. उद्योगाचं नाव, वय आणि वेळ, तिन्ही कायद्यातच. अधिकाऱ्याच्या मर्जीवर फारसं काही सोडलेलं नाही. यातली प्रत्येक वेळ तुम्हाला चालेल असं मी म्हणत नाही, पण लिहिण्याची पद्धत घेण्यासारखी आहे.

अंमलबजावणीची कलमं मसुद्यात शेवटी येतात आणि थकव्यात लिहिली जातात. करार ९० च्या कलम ६ मध्ये ती बंधनकारक आहेत: जबाबदार व्यक्ती कोण हे कायद्याने ठरवणं, पुरेशी शिक्षा, तपासणीची यंत्रणा आणि १८ खालच्या प्रत्येकाचं नाव व जन्मतारीख असलेली नोंदवही. नोंदवहीत मी आणखी दोन रकाने मागतो: काम सुरू झाल्याची आणि संपल्याची प्रत्यक्ष वेळ. ते नसतील तर १२ तास मोजणार कशावरून? ॲपवरून काम देणाऱ्यांकडे लॉगिनची वेळ सेकंदापर्यंत असते. तीच नोंदवही मानावी आणि निरीक्षकाने मागितल्यावर द्यावी, असं एक वाक्य पुरतं. नोंद ठेवलेली नसेल तर विश्रांती दिली नाही असं गृहीत धरावं आणि दिली हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर टाकावी.

निरीक्षकाच्या अधिकारात एक बारीक फट आहे. तपासणीविषयीच्या १९४७ च्या करार ८१ प्रमाणे, तपासणीस पात्र असलेल्या कामाच्या ठिकाणी निरीक्षकाला पूर्वसूचना न देता दिवसा-रात्री केव्हाही जाता येतं. पण जी जागा तपासणीस पात्र असावी असा नुसता सकारण संशय आहे, तिथे करार फक्त दिवसा जाण्याचा अधिकार देतो. नोंदणी नसलेल्या, शटर ओढून चालणाऱ्या कारखान्यात रात्री पोरं असतात, आणि नेमक्या तिथेच कराराच्या किमान तरतुदीवर अवलंबून राहिलं तर निरीक्षक बाहेर उभा. तुमच्या कायद्यात हा अधिकार रात्रीपर्यंत वाढवा. राहत्या घरासाठी न्यायालयाचा आदेश लागेल अशी अट घाला, म्हणजे हरकत येणार नाही.

दंडाबद्दल जास्त लिहीत नाही. प्रत्येक मुलामागे आणि प्रत्येक रात्रीमागे वेगळा गुन्हा धरला की आकडा आपोआप पुरेसा होतो. शिक्षा मुलाला किंवा पालकांना होणार नाही हे मात्र स्पष्ट लिहा. ती भीती असली की तपासणीच्या वेळी सगळे मिळून वय वाढवून सांगतात.

राहता राहिला संक्रमणाचा काळ, आणि तुमच्या प्रश्नात नसला तरी तो मी टाळणार नाही. कायदा लागू होतो त्या रात्री काही मुलं रातपाळीवर असतील. मालकाला सगळ्यात सोपं काय, तर त्यांना काढून टाकणं. म्हणून दोन वाक्यं घालावी लागतात. पहिलं: १८ वर्षांखालच्या व्यक्तीला केवळ या दुरुस्तीमुळे कामावरून कमी करता येणार नाही, दिवसाचं काम द्यावं लागेल. दुसरं: ते देताना मूळ वेतन घटणार नाही. रातपाळीचा भत्ता जाईल, आणि जिथे घर त्या भत्त्यावर चालतं तिथे तो बोचेल. मी एकदा सहा महिन्यांच्या टप्प्याने भत्ता उतरवण्याची तरतूद सुचवली होती. कामगार संघटनेने ती उचलून धरली, मालकांनी तीन महिन्यांवर आणली, आणि तेवढ्यावर ती मंजूर झाली. वेळापत्रकं बदलायलाही मालकांना तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे दोन्ही मुदती एकच ठेवा.

समितीला उत्तर पाठवताना दुरुस्त कलमाच्या जोडीला पाळ्यांचा एक नमुना तक्ता लावा, पाळी बदलण्याच्या दिवसासकट. त्यातल्या दुसऱ्या पाळीच्या शेवटापासून पुढच्या पहिल्या पाळीच्या सुरुवातीपर्यंतचे तास स्वतः मोजून समासात लिहा.